सोबतीला कोण येणार?

आमच्या स्त्री-आधार केंद्रात, म्हणजे घरी छळ होणाऱ्या बायका मदतीला येतात तिथे, एक लांबट वही आहे. हिशेबाची नाही आणि केसेसचीही नाही. केसेसच्या फाइली लोखंडी कपाटात कुलुपाखाली असतात. ही वही टेबलावर उघडी पडलेली असते. मुखपृष्ठावर कुणीतरी मार्करने 'सोबत' असं लिहिलंय आणि आत चार रकाने आखलेत: तारीख, कुठे जायचं, कुणाबरोबर, कोण जाणार. 'कुठे जायचं' या रकान्यात कोर्ट असतं, पोलीस चौकी असते, सरकारी दवाखाना, रेशन ऑफिस, बँक, मुलाची शाळा असते. एका ओळीत लिहिलंय, 'सासरी, कपडे आणायला'. त्या दिवशी आम्ही तिघीजणी गेलो होतो. सासर सोडून आलेल्या बाईचे चार ड्रेस, तिच्या मुलीचं दप्तर आणि शिलाई मशीनचं पायडल एवढं घेऊन आलो. मशीन दिलं नाही त्यांनी.

मी पुण्यात अकरा वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी या केंद्रात जाते. पगारी नाही, स्वयंसेवक म्हणून. या अकरा वर्षांत माझं एक मत पक्कं झालंय. स्त्री-आधार केंद्राचं खरं काम या वहीत आहे. आणि नेमकं हेच काम सरकार मोजत नाही, देणगीदार मोजत नाहीत, आणि आम्हीसुद्धा वार्षिक अहवाल लिहायला बसलो की ते विसरून जातो.

महाराष्ट्राला हे काम नवीन नाही. जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं, तेव्हा फसवल्या गेलेल्या विधवेला त्यांनी आधी दार उघडं करून दिलं, उपदेश नाही. पंडिता रमाबाईंचं शारदासदन १८८९चं. रमाबाई रानड्यांची पुण्यातली सेवासदन १९०९ची. आजच्या अर्थाने ज्याला आपण केंद्र म्हणतो ते मात्र आलं १९८०च्या आसपास. गडचिरोलीकडच्या देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरा या आदिवासी मुलीवर झालेला अत्याचार आणि १९७८ साली सुप्रीम कोर्टाने पोलिसांची केलेली सुटका यांनी देश ढवळून निघाला. त्यातून मुंबईत बायकांचे गट उभे राहिले. पुण्यात १९८२ साली मंजुश्री सारडा आणि शैला लाटकर या दोन सुशिक्षित, सुस्थितीतल्या घरांतल्या विवाहितांचे मृत्यू झाले. त्यानंतर नारी समता मंच ही संघटना उभी राहिली. 'मी एक मंजुश्री' हे त्यांचं प्रदर्शन ठिकठिकाणी लागलं. ते बघायला आलेल्या बायका तिथेच स्वतःच्या घरातलं बोलू लागल्या. ऐकायला कुणीतरी बसायला हवं होतं, तसं बसणं सुरू झालं. मंचाच्या विद्या बाळ आणि त्यांच्या मैत्रिणी बसल्या. त्यांच्या हाती ना फॉर्म होते ना पदव्या. होत्या त्या चटया, आणि वेळ.

हा इतिहास मी सांगते याला कारण आहे. ही केंद्रं कुठल्याही योजनेतून जन्मली नाहीत. बाई बोलायला लागली आणि समोर माणूस लागलं, म्हणून ती झाली. कायदे नंतर आले. नवऱ्याकडून आणि सासरच्यांकडून होणारा छळ गुन्हा ठरवणारं, तेव्हाच्या भारतीय दंडविधानातलं ४९८-अ कलम १९८३चं. कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचं संरक्षण करणारा कायदा २००५चा, तो लागू झाला २६ ऑक्टोबर २००६पासून. हा दुसरा कायदा मी कितीदा तरी वाचलाय आणि दर वेळी वाटतं, ज्यांनी लिहिला त्यांनी बायकांचं नीट ऐकलं असणार. राहत्या घरातून बाईला काढता येणार नाही, घर तिच्या नावावर असो वा नसो. अर्ज आल्यापासून साधारण तीन दिवसांत पहिली सुनावणी. पहिल्या सुनावणीपासून साठ दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न. जोडीला विधी सेवा कायद्याप्रमाणे बाईला वकील फुकट मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो.

एवढं सगळं लिहिलेलं असूनही राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगतं की, मारहाण किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या शंभर बायकांमधल्या जेमतेम चौदा कुणाकडे तरी मदत मागतात. त्यातही बहुतेक जणी माहेरी सांगतात. पोलीस, वकील, संस्था यांच्यापर्यंत पोचणाऱ्या अगदी थोड्या. म्हणजे आपल्याकडे कायद्याची वानवा नाही. बाई आणि कायदा यांच्या मधला रस्ता रिकामा आहे. घरच्या उंबरठ्यापासून कोर्टाच्या पायरीपर्यंत तिच्याबरोबर चालणारं माणूस नाही.

ते माणूस असलं की काय होतं ते सांगते. दोन-तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. पंचविशीतली एक मुलगी, धुणीभांडी करणारी, नवऱ्याने डोकं भिंतीवर आपटलं म्हणून रात्री चौकीत गेली. तिथे तिची एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून घेतली आणि 'उद्या नवऱ्याला घेऊन ये' म्हणून घरी पाठवलं. ज्याने मारलं त्याला तिनेच घेऊन यायचं! मंगळवारी ती केंद्रात आली. हातात प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात रेशन कार्डाची झेरॉक्स, लग्नाची पत्रिका, दवाखान्याचा केसपेपर, आणि एका रुमालात गुंडाळलेलं तुटलेलं मंगळसूत्र. पुरावा म्हणून आणलं होतं. त्याच संध्याकाळी मी तिच्याबरोबर चौकीत गेले. मी काही बोलले नाही. खरंच नाही. शेजारी बसले, पिशवीतून वही काढली, आणि समोरच्यांचं नाव आणि बक्कल नंबर लिहून घेतला. आदल्या दिवशी 'काय गं' म्हणणारा माणूस 'बोला ताई' म्हणायला लागला. केसपेपर वाचला गेला. दुखापतीचं कलम लागलं. त्या मुलीने सांगितलेली हकीकत दोन्ही दिवशी तीच होती. फरक एवढाच की दुसऱ्या दिवशी तिच्या शेजारची खुर्ची रिकामी नव्हती.

यात माझी हुशारी काही नाही. कायद्यातलं मला त्या हवालदारापेक्षा कमीच कळत असेल. पण एकट्या बाईला टाळता येतं, दोघींना टाळायला जड जातं. हे कोणत्याही कलमात बसत नाही, आणि याशिवाय कुठलंही कलम चालत नाही.

कुणी म्हणेल, आता सरकारी केंद्रं आहेत की. आहेत, आणि ती असायलाच हवीत. मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने १९८४ साली महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, पुढे तो राज्याने स्वीकारून जिल्ह्याजिल्ह्यांत नेला. पोलिसांच्या आवारात बसून पोलिसांच्या मर्जीबाहेर काम करायचं, ही कल्पनाच मोठी धाडसाची होती. निर्भया निधीतून २०१५ पासून 'सखी' केंद्रं निघाली. एकाच छताखाली दवाखाना, पोलीस, वकील, समुपदेशन, आणि रात्री-अपरात्री आलेल्या बाईला पाच दिवसांपर्यंत निवारा. मदतीसाठी फोन करायला १८१ नंबर आहे. मध्यरात्री रक्तबंबाळ झालेल्या बाईला आमच्यासारख्या मंगळवार-शुक्रवारच्या केंद्राचा काय उपयोग? तिला 'सखी'च हवी.

पण सहाव्या दिवसाचं काय? सहाव्या दिवशी ती कुठे जाते, सहाव्या महिन्यात तिच्या पोटगीच्या तारखेला कोण जातं, मुलाच्या दाखल्यावर बापाची सही मागणाऱ्या शाळेत तिच्या वतीने कोण बोलतं? ही कामं कोणत्याच खात्याची नाहीत. अशा बाईला मदत करायला संरक्षण अधिकारी हे पद २००५च्या कायद्याने दिलंय, पण कित्येक ठिकाणी त्या माणसाकडे दुसऱ्याच कामाचा मूळ भार असतो आणि हा अतिरिक्त. तालुकाभर हिंडायला त्यांना ना गाडी ना हाताखाली माणूस. मी त्यांना दोष देत नाही. एका माणसाने किती बायकांच्या सोबतीला जायचं?

स्वयंसेवक म्हटलं की लोक फार चटकन हात जोडतात, 'केवढी सेवा' म्हणतात. मला हे ऐकलं की अस्वस्थ व्हायला होतं, कारण सेवेच्या भावनेतून मी एका बाईचं नुकसान केलेलं आहे. पहिल्याच वर्षातली गोष्ट. एक बाई आली, दंडावर वळ होते. मी ऐकलं, मला संताप आला आणि मी म्हटलं, आत्ताच्या आत्ता तक्रार करा. ती गेली, तक्रार केली. रात्री नवऱ्याने दार उघडलं नाही. दोन लेकरं घेऊन ती एसटी स्टँडवर बसून राहिली आणि पहाटेच्या गाडीने गावी गेली. पुन्हा आली नाही. आमच्या समुपदेशक ताईंनी मला एकच प्रश्न विचारला, "आज रात्री ती कुठे झोपणार, हे विचारलं होतंस?" मी नव्हतं विचारलं. तेव्हापासून आमच्याकडे कुणीही नवी मुलगी काम करायला आली की तिला कायद्याच्या आधी हा प्रश्न शिकवला जातो. आज झोपणार कुठे, पोरं कुणाकडे, हातात पैसे किती, कागद कुठे ठेवलेत. त्यानंतर तक्रार करायची का, कधी, कुठे. आणि ते ती ठरवणार.

म्हणूनच मी स्वयंसेवकांची बाजू घेते तेव्हा पगारी माणसांच्या विरोधात घेत नाही. समुपदेशन हे शिकून करायचं काम आहे. समाजकार्याची पदवी घेतलेली, रोज सहा-सात जणींचं दुखणं ऐकणारी, रात्री फोन उचलणारी बाई मानधनावर काम करते, आणि ते मानधनही अनुदान आलं तर. अनुदान मार्चअखेरीस येतं, कधी पुढच्या मार्चला. बायकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बाईला स्वतःचा पगार वेळेवर मिळत नाही, आणि यावर कुणी आवाज चढवला की 'हे काम पैशासाठी करतेस का' असं विचारलं जातं. घरात बाईने केलेल्या कामाला किंमत नाही, ते तिने प्रेमापोटी करायचं असतं, हे ज्या घरांतून आम्ही बायकांना बाहेर काढतो, त्या घरांचंच तत्त्वज्ञान आहे. ते केंद्राच्या दारातून आत आलेलं मला चालणार नाही. समुपदेशकाला पूर्ण पगार, वेळेवर पगार. सोबतीला स्वयंसेवक. एकाची जागा दुसऱ्याने भरून काढायची नाही.

आता समेटाबद्दल. अनुदानाच्या किंवा देणगीच्या बहुतेक फॉर्मात एक रकाना असतो: एकूण प्रकरणे, निकाली प्रकरणे, त्यापैकी समेट किती. हा रकाना केंद्राला आतून पोखरतो. समेट जास्त म्हणजे काम चांगलं, असा हिशेब असतो. मग नकळत बाईला 'बघ, जुळतंय का' असं म्हणायला सुरुवात होते. नवऱ्याकडून स्टॅम्प पेपरवर 'यापुढे मारणार नाही' लिहून घ्यायचं आणि बाईला नांदायला पाठवायचं. रकान्यात एक भर पडते. सहा महिन्यांनी तीच बाई परत आली की ती 'नवीन प्रकरण' होते! मला असे स्टॅम्प पेपर माहीत आहेत, एकाच घरातले तीन तीन.

समेटाला माझा विरोध नाही. कित्येक जणींना तो हवा असतो, त्यांना मार थांबायला हवा असतो, घर मोडायला नको असतं, आणि तसं झालेली घरंही मी पाहिली आहेत. पण ते बाईचं यश, केंद्राच्या अहवालातलं नव्हे. एक बाई आमच्याकडे सात वर्षांत पाच वेळा आली. चार वेळा परत गेली. पाचव्यांदा आली ती बँकेचं पासबुक घेऊन, दोन वर्षं गुपचूप टाकलेले पैसे घेऊन, भाड्याची खोली बघून. कुठल्याही फॉर्मात तिची पहिली चार येणी अपयशात जातील. माझ्या मते तीच कामाची होती. पाचव्यांदा येता यावं म्हणून दार चार वेळा तोंड वाकडं न करता उघडावं लागतं. "काय हो, परत?" एवढं एक वाक्य म्हटलं असतं तर ती आली नसती.

'ही केंद्रं संसार मोडतात' हा आरोप जुना आहे. मोडलेला संसार केंद्रात आणला जातो, केंद्रात मोडला जात नाही, एवढंच माझं उत्तर. पण त्याच्याच पोटातली एक मागणी जास्त धोक्याची वाटते: तक्रार खरी की खोटी ते आधी समाजातल्या चार माणसांनी तपासावं. सुप्रीम कोर्टानेच २०१७ साली ४९८-अच्या तक्रारी आधी कुटुंब कल्याण समित्यांकडे पाठवायला सांगितलं होतं. त्या समित्यांवर सामाजिक कार्यकर्ते, स्वयंसेवक, निवृत्त मंडळी बसणार होती. २०१८ साली कोर्टानेच तो भाग रद्द केला. तरी तो विचार संपलेला नाही, अधूनमधून डोकं वर काढतोच. मला विचाराल तर मी त्या खुर्चीत बसणार नाही. मी बाईच्या शेजारी बसते, समोर बसत नाही. ती खोटं बोलतेय का हे बघायला कोर्ट आहे, पोलीस आहेत. तिच्या गल्लीत आधीच एक समिती बसलेली असते, सासू, दीर, शेजारी, जातीतले चार मोठे. अजून एकीची भर घालायला केंद्र कशाला हवं?

केंद्र म्हणजे फक्त दुःखाची जागा, असंही लोकांना वाटतं. महिन्याच्या शेवटच्या शनिवारी आमच्याकडे बसणं असतं. विषय नसतो. जुन्या-नव्या तीस-चाळीस जणी येतात. आल्याचा चहा मोठ्या पातेल्यात होतो, आणि तो नेहमी एकच बाई करते. एके काळी तिला सासरी चहात साखर जास्त पडली म्हणून चटका दिला होता. कुणी नोकरीची माहिती आणते, कुणी खोलीची. पोरं चटईवर गृहपाठ करतात. एक निवृत्त बँक कर्मचारी काका कोपऱ्यात बसून खात्याचे फॉर्म भरून देतात. केंद्रात पुरुष कशाला, असं सुरुवातीला मलाही वाटलं होतं. आता त्यांच्यापुढेच रांग असते.

संक्रांतीवरून मात्र आमच्यात दर वर्षी वाद होतो. हळदीकुंकू करायचं की नाही? एक गट म्हणतो, ज्या प्रथेने विधवेला आणि टाकलेल्या बाईला दाराबाहेर ठेवलं ती आपण का पाळायची. दुसरा गट म्हणतो, बायकांना नटून-थटून एकत्र यायला हा एकच दिवस मिळतो, तो का सोडायचा. मी पहिल्या गटातली होते. एका वर्षी ठरलं की करायचं, पण सगळ्यांचं. नवरा असलेली, नवरा गेलेली, सोडलेली, लग्नच न केलेली. एक साठीच्या मावशी अठ्ठावीस वर्षांनी कपाळाला कुंकू लावून घेताना मागे सरकल्या. "मला नको गं, पाप लागेल," म्हणाल्या. शेजारच्या मुलीने त्यांच्या हातावर तिळगूळ ठेवला आणि कुंकवाचा करंडा त्यांच्याच हातात दिला, "मावशी, तुम्ही लावा मला." त्यांनी लावलं. मग दुसरीला, मग तिसरीला. त्या संध्याकाळी सगळ्यांना कुंकू मावशींनीच लावलं. प्रथेबद्दलचं माझं मत बदललेलं नाही. पण त्या दिवसापासून मी त्या वादात आवाज चढवत नाही. विशेष म्हणजे मावशी आता 'सोबत' वहीतलं सगळ्यात भरवशाचं नाव आहेत. मॅजिस्ट्रेट कोर्टात कुठली खोली कुठे आहे, हे त्यांना वकिलांपेक्षा चांगलं माहीत असतं.

कायदा अशा कामाला परका नाही. २००५च्या कायद्याच्या दहाव्या कलमाने नोंदणीकृत संस्थेला सेवा पुरवणारी संस्था म्हणून मान्यता मिळते, ती बाईच्या घरातल्या घटनेचा अहवाल नोंदवून पुढे पाठवू शकते. ही मान्यता लहान केंद्रांपर्यंत पोचवा, त्यासाठी हेलपाटे घालायला लावू नका. अनुदानाच्या फॉर्मातला समेटाचा रकाना काढून टाका आणि त्या जागी विचारा: किती जणींबरोबर किती वेळा गेलात? त्या जाण्या-येण्याचं रिक्षाभाडं, जेवण, बुडालेली रोजी, एवढं तरी खर्चात धरा. आमच्या निम्म्या स्वयंसेवक स्वतः कधीतरी या दारातून आत आलेल्या आहेत. कोर्टात दिवस गेला की त्यांचा चार घरच्या कामांचा खाडा होतो.

आणि बाकीच्यांना, म्हणजे तुम्हा-आम्हाला. बायकांसाठी काय करता येईल असं विचारणारे लोक साड्या आणून देतात, धान्य देतात, महिला दिनाला भाषण द्यायची तयारी दाखवतात. भाषणं पुरेशी झाली आहेत. महिन्यातून एक सकाळ द्या. कायदा यायला लागत नाही, बोलावंही लागत नाही फारसं. बाकावर बसावं लागतं, पुकारा होईपर्यंत. बहुतेक वेळा पुढची तारीख मिळते, आणि बाई हिरमुसते, तेव्हा तिच्याबरोबर खाली येऊन चहा घ्यावा लागतो. 'पुढच्या वेळी मी आहे' असं म्हणावं लागतं, आणि पुढच्या वेळी असावं लागतं. यातलं शेवटचंच काय ते कठीण आहे.

येत्या महिन्यात वहीत अकरा तारखा आहेत. सहांच्या पुढे नावं लिहून झालीत, त्यातल्या तीन मावशींच्या. पाच रकाने कोरे आहेत. पेन वहीलाच दोरीने बांधून ठेवलंय.